पेनल्टी बरोबर होती का? एफ-वनच्या निकालावर वाद घालण्याआधी काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमानं

युरोपातली रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. सातच्या सुमारास स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘५ सेकंद टाइम पेनल्टी’ झळकतं आणि नागपुरातल्या धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न येतो: ‘आपल्यालाच काहून बे?’ पुढचे दोन तास जो वाद चालतो त्यात पाच वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. काय घडलं? कोणता नियम मोडला? चूक कोणाची? शिक्षा किती? निकालावर परिणाम काय झाला?

बहुतेक जण पाचव्या प्रश्नापासून सुरू करतात आणि उलटे मागं येतात. पोडियम (पहिल्या तिघांतलं स्थान) गेलं, म्हणजे पेनल्टी चुकीची. स्टुअर्ड्स, म्हणजे रेसचे पंच, मात्र पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जातात आणि पाचव्याकडे मुद्दाम बघत नाहीत. तुमचा क्रम त्यांच्या क्रमाशी जुळत नसेल तर कितीही रिप्ले बघा, निष्कर्ष जुळणार नाही. स्टुअर्ड्स चुकूच शकत नाहीत असं नाही. पण ते नक्की कुठं चुकले हे दाखवायलाही हाच क्रम लागतो.

## तयारी: रेसच्या आधीचा अर्धा तास

हे काम लाइट्स जाण्याआधी, म्हणजे रेस सुरू होण्याआधीच उरकायचं. रेस चालू असताना कागद शोधत बसलात तर ना रेस बघून होते, ना कागद वाचून.

१. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावरचं त्या रेसचं कागदपत्रांचं पान उघडून ठेवा. शुक्रवारपासून रविवार रात्रीपर्यंत प्रत्येक निर्णय, प्रत्येक तपासणी अहवाल आणि निकालाची प्रत्येक आवृत्ती तिथं क्रमांकासह चढते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही.

२. त्याच पानावरच्या रेस डायरेक्टरच्या सूचना वाचा. दोन-चार पानांचा कागद असतो, पण निम्मी भांडणं इथंच मिटतात. कोणत्या कॉर्नरला ट्रॅकबाहेर गेल्यावर कोणत्या बोलार्डच्या (खुंटाच्या) डावीकडून परत यायचं, पिट लेनची (टायर बदलायला जायच्या रस्त्याची) वेगमर्यादा किती, सराव स्टार्ट कुठं करायचा, हे सगळं त्या-त्या सर्किटपुरतं तिथं लिहिलेलं असतं. पिट लेनला सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते, मोनॅकोसारख्या अरुंद ठिकाणी ६०.

३. चालू हंगामाची नियमपुस्तिका आणि दोन गाइडलाइन्स मोबाइलमध्ये उतरवून घ्या. ड्रायव्हिंग स्टँडर्ड्स आणि पेनल्टी या दोन्ही गाइडलाइन्स एफआयएनं जून २०२५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या. त्याआधी त्या फक्त संघ आणि ड्रायव्हर्सना माहीत असायच्या. २०२६ पासून नियमपुस्तिकेची मांडणीच बदलली आहे, त्यामुळे जुन्या लेखातला कलम क्रमांक उचलून कुणाच्या तोंडावर फेकू नका.

४. लाइव्ह टायमिंग (गाड्यांच्या वेळांचा थेट तक्ता) आणि चित्र यांतला फरक मोजून ठेवा. फॅनकोड अ‍ॅपवरचं चित्र टायमिंगच्या मागं असतं. फॉर्मेशन लॅप (रेसआधीची संथ फेरी) सुरू होताना दोन्हीकडे बघून अंतर सेकंदांत लिहून घ्या. हे न केल्यानं टायमिंगवाल्याला पेनल्टी आधी कळते, टीव्हीसमोरच्याला घटना नंतर दिसते, आणि ‘निर्णय आधीच ठरला होता’ असा भन्नाट आरोप जन्माला येतो.

५. वहीत पाच रकाने आखा: लॅप, कॉर्नर, गाड्यांचे क्रमांक, तुम्हाला पहिल्या नजरेत काय दिसलं, अधिकृत संदेश काय आला. फोनवरच्या नोटपेक्षा वही बरी. फोनवर लिहायला गेलात की ग्रुपवर उत्तर द्यायचा मोह होतो.

तपासा: निर्णयाच्या कागदावरची वेळ सर्किटच्या स्थानिक घड्याळाची असते. उन्हाळ्यात युरोपच्या मुख्य भूमीवरच्या बहुतेक रेसेसना साडेतीन तास मिळवा, सिल्व्हरस्टोनला साडेचार, जेद्दाला अडीच, ब्राझीलला साडेआठ, ऑक्टोबरमधल्या ऑस्टिनला साडेदहा. ‘निर्णयाला चार तास लावले’ हे वाक्य कित्येकदा फक्त घड्याळाच्या गोंधळातून आलेलं असतं.

## टप्पा १: घटना लिहा, मत लिहू नका

घटना दिसताच लॅप, कॉर्नर आणि दोन्ही गाड्या लिहा. मग एकच वाक्य, क्रियापदांत: ‘आतल्या गाडीची चाकं लॉक झाली, बाहेरची ट्रॅकबाहेर गेली.’ ‘ढकललं’, ‘मुद्दाम’, ‘डर्टी’ हे शब्द इथं नकोत. एकदा लिहिले की पुढचा प्रत्येक रिप्ले तुम्ही तेच सिद्ध करायला बघता.

कोणत्या कॅमेऱ्यातून पाहिलं तेही टिपा. त्याचं कारण टप्पा ४ मध्ये येईल.

## टप्पा २: स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा

चार प्रकारचे संदेश येतात आणि लोक चारही एकच समजतात.

‘नोटेड’ म्हणजे रेस कंट्रोलनं (रेस चालवणाऱ्या कक्षानं) घटना पाहिली, एवढंच. ‘अंडर इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे स्टुअर्ड्सनी ती हातात घेतली. ‘नो फर्दर’ असं काही आलं तर बघितलं आणि सोडलं. ‘रेसनंतर तपास’ म्हणजे ड्रायव्हर्सना समोर बोलावल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

संदेशात घटनेचा प्रकारही असतो: टक्कर घडवणं, दुसऱ्याला ट्रॅकबाहेर घालवणं, ट्रॅकबाहेर जाऊन फायदा मिळवणं, असुरक्षित परत येणं. हा शब्द जसाच्या तसा वहीत उतरवा. ट्रॅकबाहेर जाऊन फायदा मिळवल्याच्या प्रकरणावर ‘पण टक्कर तर झालीच नाही ना भाऊ’ हा युक्तिवाद चालत नाही. टक्करीचा आरोप कुणी केलेलाच नसतो.

सावधान: रेस डायरेक्टर आणि स्टुअर्ड्स वेगळे. डायरेक्टर रेस चालवतो आणि प्रकरण पुढं पाठवतो. शिक्षा तीन-चार जणांचं स्टुअर्ड्सचं मंडळ देतं, त्यात सहसा एक माजी ड्रायव्हर असतो, आणि हे मंडळ रेसगणिक बदलतं. नावं निर्णयाच्या कागदाखाली छापलेली असतात.

## टप्पा ३: निर्णयाचा कागद वरून खाली वाचा

कागद बहुधा एका पानाचा असतो. त्यात क्रमानं येतं: गाडी आणि ड्रायव्हर, संघ, वेळ, सत्र, मग वस्तुस्थिती, मोडलेलं कलम, निर्णय आणि कारण. लोक ‘निर्णय’ हा रकाना वाचून कागद बंद करतात. जे वाचायचं ते खालच्या ‘कारण’ या परिच्छेदात असतं.

एक उदाहरण बघा. ऑस्टिन २०२४ ला लँडो नॉरिसनं मॅक्स व्हर्स्टापनला ट्रॅकबाहेरून ओव्हरटेक केलं, ५ सेकंदांची पेनल्टी लागली आणि तिसरा क्रमांक गेला. कारणात लिहिलं होतं की शेजारची गाडी खूप जवळ होती आणि तीही ट्रॅकबाहेर गेली होती, त्यामुळे नॉरिसला बाहेर जाण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. म्हणून शिक्षा सौम्य. म्हणजे नॉरिसच्या चाहत्यांची मुख्य तक्रार स्टुअर्ड्सनी अर्धी मान्यच केली होती. तरी तो मोकळा सुटला नाही, कारण मिळालेली जागा त्यानं परत दिली नाही. वादाचा खरा मुद्दा हा आहे, आणि तो फक्त कारण वाचणाऱ्यालाच सापडतो.

वाचताना दोन गोष्टी अधोरेखित करा: चूक ‘पूर्णपणे’ की ‘मुख्यत्वे’ एका ड्रायव्हरची म्हटली आहे, आणि शिक्षा कमी-जास्त करणारं कोणतं वाक्य आहे. ‘मुख्यत्वे’ या शब्दाचा अर्थ दुसऱ्याचीही थोडी चूक होती, पण शिक्षा एकालाच. इथं लोकांची फार चिडचिड होते. नियमाची रचनाच तशी आहे: कुणाचाच वाटा ठळक नसेल तर रेसिंग इन्सिडंट (कुणालाच शिक्षा नाही), एकाचा ठळक असेल तर त्याला शिक्षा. टक्केवारीत वाटणी होत नाही.

## टप्पा ४: योग्य फ्रेम, योग्य कॅमेरा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

लांबून झूम केलेल्या कॅमेऱ्यात गाड्यांमधलं पुढं-मागचं अंतर चपटं होतं. दहा मीटर मागची गाडी चिकटलेली वाटते. ऑनबोर्डची, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याची, लेन्स रुंद असते, त्यामुळे शेजारची गाडी आहे त्यापेक्षा दूर भासते. हेलिकॉप्टरचं चित्र सगळ्यात प्रामाणिक, पण प्रत्येक घटनेचं मिळत नाही.

म्हणून असं करा:

१. आतून केलेल्या ओव्हरटेकसाठी बाहेरच्या, म्हणजे बचाव करणाऱ्या गाडीचा ऑनबोर्ड घ्या. त्यात तिचा आरसा आणि शेजारच्या गाडीचं पुढचं चाक एकाच चौकटीत दिसतं.

२. एपेक्सच्या (वळणाच्या सर्वात आतल्या बिंदूच्या) आधीची एक आणि एपेक्सवरची एक, अशा दोन फ्रेम थांबवा. टक्करीची फ्रेम नको. टक्कर एपेक्सनंतर होते आणि तोवर प्रश्नाचं उत्तर लागून गेलेलं असतं.

३. ट्रॅक लिमिट्ससाठी (गाडी ट्रॅकच्या हद्दीत आहे का, यासाठी) पांढरी रेघ शोधा, कर्ब (कडेचा रंगीत उंचवटा) नव्हे. रेघ ट्रॅकचा भाग आहे, कर्ब नाही. चारही चाकं रेघेच्या पलीकडे गेली तरच उल्लंघन. एका चाकाचा रेघेला स्पर्श असेल तर गाडी आत.

४. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचाच तर दोन्ही फ्रेम टाका. एकच फ्रेम टाकणारा बहुधा दुसरी लपवत असतो.

सावधान: स्टुअर्ड्सकडे तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग, ब्रेक आणि थ्रॉटल, जागेची नोंद, सगळे ऑनबोर्ड आणि सगळा रेडिओ. मदतीला जिनिव्हात बसलेलं एफआयएचं वेगळं पथकही असतं. ऑस्ट्रिया २०२३ ला एका रेसमध्ये ट्रॅक लिमिट्सच्या १,२०० हून जास्त संशयित नोंदी झाल्या. रेसच्या वेळेत त्या तपासून होईनात, म्हणून अ‍ॅस्टन मार्टिन संघाच्या प्रोटेस्टनंतर (औपचारिक हरकतीनंतर) काही तासांनी आठ ड्रायव्हर्सना नव्यानं पेनल्ट्या लागल्या. तुमच्या फोनवरच्या तीन क्लिप्समध्ये त्यातलं किती दिसलं असेल ते बघा.

डोळ्यांना दिसलं म्हणजे नियम मोडला, असंही नाही. सुझुका २०१९ ला सेबास्टियन व्हेटलची गाडी दिवे विझण्याआधी हललेली अख्ख्या जगानं पाहिली. पण जंप स्टार्ट तेव्हा ट्रान्सपाँडरवर (गाडीची जागा टिपणाऱ्या यंत्रावर) ठरायचा आणि हालचाल त्याच्या मर्यादेत बसली. शिक्षा नाही.

## टप्पा ५: घटनेचा प्रकार ठरवा, मगच कसोटी लावा

प्रत्येक प्रकाराची कसोटी वेगळी. एकाची कसोटी दुसऱ्याला लावली की वाद संपत नाही.

आतून ओव्हरटेक. २०२५ मध्ये खुल्या झालेल्या गाइडलाइन्सप्रमाणे जागा मागायचा हक्क मिळवायला तीन अटी. आतल्या गाडीचा पुढचा आस (पुढच्या चाकांमधली रेषा) एपेक्सच्या आधी आणि एपेक्सवरही दुसऱ्या गाडीच्या आरशाच्या किमान बरोबरीला हवा. गाडी ताब्यात हवी, शेवटच्या क्षणी खुपसलेली नको. आणि ट्रॅकच्या आत राहून कॉर्नर पूर्ण करता यायला हवा.

‘आधी आणि एपेक्सवरही’ यातला ‘आधी’ लोक विसरतात. ब्राझील २०२५ ला ऑस्कर पियास्ट्री आतून गेला, अँटोनेलीला लागला, अँटोनेली लक्लेरवर आदळला आणि लक्लेर बाद झाला. पियास्ट्रीला १० सेकंद. त्याचे समर्थक ‘तो आत होता, आणखी कुठं जाणार?’ म्हणत राहिले. कागदात मात्र लिहिलं होतं की त्याचा पुढचा आस अँटोनेलीच्या आरशाच्या बरोबरीला आलाच नव्हता, वर चाक लॉक झालं. कसोटी कडक आहे असं म्हणा, त्यात तथ्य आहे. पण कसोटी लावलीच नाही, असं म्हणता येणार नाही.

बाहेरून ओव्हरटेक. इथं माप जास्त कडक. बाहेरच्या गाडीचा पुढचा आस एपेक्सवर दुसऱ्याच्या पुढच्या आसाच्या *पुढं* हवा. नुसती बरोबरी पुरत नाही. म्हणूनच बाहेरून गेलेल्याला ट्रॅकबाहेर सरकावं लागलं आणि आतल्याला काहीच झालं नाही, असं वारंवार दिसतं. मला ही तफावत बचाव करणाऱ्याच्या बाजूनं जरा जास्तच झुकलेली वाटते. ब्रेक उशिरा दाबून एपेक्सवर आधी पोचायचं, एवढ्यावर कॉर्नरवर हक्क सांगायची सोय त्यातून होते. पण ही तक्रार गाइडलाइनची आहे. त्या रविवारच्या स्टुअर्ड्सनी ती आपल्या मनानं बदलायची, ही अपेक्षा चुकीची.

आणि या गाइडलाइन्स आहेत, नियम नाहीत. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच बघणारा माणूस अंपायर्स कॉल न कुरकुरता गिळतो, तशीच इथंही मोजमापाच्या कडेला थोडी जागा माणसाच्या निर्णयाला ठेवलेली आहे.

ट्रॅकबाहेर जाऊन फायदा. एकच प्रश्न: फायदा टिकला का? जागा किंवा वेळ परत दिली असेल तर प्रकरण सौम्य होतं किंवा संपतं. त्यामुळे पुढच्या दोन-तीन कॉर्नर्सकडे लक्ष ठेवा. घटनेचा रिप्ले बघण्याच्या नादात नेमकं हेच निसटतं.

ट्रॅक लिमिट्स. मोजणी आहे, मत नाही. तिसऱ्या वेळी काळा-पांढरा झेंडा (ताकीद), चौथ्याला ५ सेकंद, त्यानंतर वाढ. पटणारं कारण असेल तर नोंद वगळतात, पण ‘पटणारं’ची व्याख्या अरुंद आहे. सिंगापूर २०२५ ला लुईस हॅमिल्टन ब्रेक निकामी झालेल्या गाडीनं शेवटचे लॅप्स काढत होता. ते कारण मान्य झालं नाही, ५ सेकंद लागले आणि सातवी जागा अलोन्सोकडे गेली.

पिट लेनचा वेग, असुरक्षित रिलीज (पिटमधून दुसऱ्या गाडीच्या वाटेत सोडणं). पहिल्यात चर्चेला जागाच नाही. दुसऱ्यात चूक मेकॅनिकची असते आणि सेकंद ड्रायव्हरला बसतात, कारण शिक्षा गाडीला आहे.

तांत्रिक उल्लंघन. इथं हेतू, फायदा, नशीब यातलं काहीही विचारात घेत नाहीत. माप चुकलं की गाडी बाद. स्पा २०२४ ला जॉर्ज रसेल पहिला आला. गाडी किमान ७९८ किलोच्या जागी ७९६.५ भरली, विजय हॅमिल्टनला गेला. हंगेरी २०२१ ला व्हेटलच्या टाकीतून नमुन्याचं १ लिटर इंधन निघालं नाही, दुसरा क्रमांक गेला. लास वेगस २०२५ ला मॅकलारेनच्या दोन्ही गाड्यांच्या तळाची फळी झिजून ९ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली, दोन्ही बाद. ‘दीड किलोनं काय फरक पडतो’ हा प्रश्न तर्री-पोह्याच्या गाडीवर ठीक आहे. तपासणीच्या वजनकाट्यावर तो कुणी विचारत नाही.

## टप्पा ६: शिक्षेचं वजन

आता कुठं ‘किती’ हा प्रश्न.

आधी त्या प्रकाराची मूळ शिक्षा शोधा, मग ती कमी-जास्त का झाली ते. जेद्दा २०२५ ला व्हर्स्टापननं पहिल्याच कॉर्नरला ट्रॅकबाहेरून जाऊन पियास्ट्रीच्या पुढची जागा टिकवली. मूळ शिक्षा १० सेकंदांची. ती ५ वर आणली, कारण पहिला लॅप, पहिला कॉर्नर. कागदात हे स्पष्ट लिहिलं होतं. तरी त्या रात्री अर्धे लोक ‘५ च का’ आणि उरलेले ‘५ तरी का’ यावर भांडत होते.

परिणामावरून शिक्षा मोजू नका. ही सगळ्यात जुनी चूक. सिल्व्हरस्टोन २०२१ ला हॅमिल्टन-व्हर्स्टापन टक्कर झाली, व्हर्स्टापन जबरदस्त वेगानं भिंतीवर गेला, हॅमिल्टनला १० सेकंद लागले आणि तरी तो जिंकला. ‘एक जण इस्पितळात, दुसरा पोडियमवर’ हे ऐकायला भयंकर वाटतं. पण स्टुअर्ड्स कृतीला शिक्षा देतात, दुसरी गाडी पुढं जाऊन कुठं आदळली याला नाही. तसंच, शिक्षा होऊनही कोण जिंकलं, हे गाडीच्या वेगावर ठरतं.

शिक्षा भोगायला गाडीच उरली नसेल तर ती पुढच्या रेसच्या ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेवर) जाते. मोन्झा २०२१ ला हेच दोघं बाद झाले, म्हणून व्हर्स्टापनला पुढच्या रेसला तीन जागा मागं. याची तुलना सिल्व्हरस्टोनच्या १० सेकंदांशी करून ‘कोणाला जास्त’ काढायला बसू नका. दोन्हींचं एकक वेगळं आहे.

जुनं उदाहरण आणायचंच असेल तर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: उल्लंघनाचा प्रकार, कितवा लॅप, जागा परत दिली की नाही, आणि त्या वेळी लागू असलेली गाइडलाइन. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. कॅनडा २०१९ चं व्हेटलचं प्रकरण, ज्यात तो पहिला आला आणि ५ सेकंदांमुळे विजय हॅमिल्टनला गेला, दर हंगामात कुणीतरी काढतंच. २०२५ च्या गाइडलाइनपुढं ते ठेवून काही सिद्ध होत नाही.

तपासा: लायसन्सवरचे पेनल्टी पॉइंट्स वेगळे वाचा. बारा महिन्यांत १२ झाले की एका रेसची बंदी. केव्हिन मॅग्नुसन २०२४ मध्ये याच कारणानं बाकूला घरी बसला. कधी सेकंद कमी आणि पॉइंट्स जास्त असतात. शिक्षा हलकी म्हणण्याआधी हा आकडा बघा.

## टप्पा ७: निकालाचं गणित

सेकंद कसे लागले यावर सगळं अवलंबून असतं.

पिट स्टॉपमध्ये भोगली तर गाडी तेवढे सेकंद उभी राहते, तोवर कुणी हात लावायचा नाही, मग टायर बदलायचे. अडीच सेकंदांचा स्टॉप साडेसातचा होतो, आणि बाहेर पडल्यावर ट्रॅफिक लागलं तर खरा तोटा त्याहून मोठा. उलट, भोगून झाल्यावर सेफ्टी कार (सगळ्यांचा वेग उतरवणारी गाडी) आली तर सगळे पुन्हा एका ओळीत येतात आणि ते पाच सेकंद पुसले जातात. पुढं स्टॉपच नसेल तर सेकंद शेवटच्या वेळेत मिळवतात. ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिट लेनमधून जायची शिक्षा) भोगायला वेळ उरला नसेल तर २० सेकंद, दहा सेकंदांचा स्टॉप-गो (पिटमध्ये तेवढं नुसतं थांबून निघायचं) असेल तर ३०.

काल्पनिक आकडे घेऊन करून बघा. ‘अ’ तिसरा आला. ‘ब’ त्याच्या मागं ३.८ सेकंदांवर, ‘क’ ४.९ वर, ‘ड’ ७.१ वर. ‘अ’ला ५ सेकंद. ‘ब’ आणि ‘क’ पुढं जातात, ‘ड’ जात नाही. ‘अ’ पाचवा: १५ ऐवजी १० गुण. ‘ब’ १२ वरून १५ वर. आधी ‘अ’ त्या रेसमध्ये ‘ब’च्या ३ गुण पुढं होता, आता ५ मागं. म्हणजे दोघांमधला फरक ८ गुणांनी हलला. ‘पाच गुण गेले’ एवढंच म्हणणारा निम्मा हिशोब सोडतो.

नेहमीची चूक: टायमिंगवर दोन रकाने असतात, पहिल्या गाडीपासूनचं अंतर आणि लगेच पुढच्या गाडीपासूनचं. वरच्या उदाहरणात दुसऱ्या रकान्यात ३.८, १.१, २.२ असं दिसेल. ते न जोडता ५ शी ताडले तर ‘अ’ सहावा वाटेल. एक लॅप मागं असलेल्या गाडीपर्यंत मात्र घसरण पोचत नाही.

आणखी एक: सर्वात वेगवान लॅपचा जादा गुण २०२५ पासून बंद आहे. जुन्या सवयीनं धरू नका.

## टप्पा ८: पुढं दाद मागता येते का

‘अपील का नाही केलं?’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच की करताच येत नाही. रेसमध्ये दिलेल्या ५ किंवा १० सेकंदांवर, ड्राइव्ह-थ्रूवर अपील नसतं. बाकी निर्णयांवर अपील करायचं असेल तर तासाभरात तसं कळवावं लागतं. निकालाविरुद्ध प्रोटेस्ट तात्पुरता निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत. अबुधाबी २०२१ ला मर्सिडीजचे दोन्ही प्रोटेस्ट फेटाळले गेले. अपिलाचा इरादा त्यांनी कळवला, पण पुढं नेलं नाही.

उरतो पुनर्विचाराचा हक्क. त्याला नवा, महत्त्वाचा, संबंधित आणि निर्णयाच्या वेळी संघाला उपलब्ध नसलेला पुरावा लागतो. चारही अटी एकदम. नॉरिसच्या ऑस्टिनच्या प्रकरणात त्याचा संघ मॅकलारेन यावरच अडला. चाललेल्यांतली दोन उदाहरणं: जेद्दा २०२३ ला अलोन्सोची शिक्षा भोगताना मागचा जॅक गाडीला टेकला म्हणून लागलेले १० सेकंद रद्द झाले आणि तिसरा क्रमांक परत मिळाला. झांडव्होर्ट २०२५ ला साइन्झच्या लॉसनशी झालेल्या टक्करीत रेसच्या वेळी न मिळालेली कॅमेरा दृश्यं आली, घटना रेसिंग इन्सिडंट ठरली आणि पेनल्टी पॉइंट्स काढले गेले. पण भोगलेले १० सेकंद भोगलेलेच. ते परत द्यायची सोय नियमात नाही, आणि अन्याय शोधायचाच असेल तर तो मला इथं दिसतो.

## टप्पा ९: निष्कर्ष पाच वाक्यांत लिहा

सुरुवातीच्या पाच प्रश्नांना प्रत्येकी एक वाक्य. प्रत्येकापुढं ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’, आणि अमान्य असेल तर कोणत्या फ्रेमवरून किंवा कोणत्या ओळीवरून. नमुना, बार्सिलोना २०२५ साठी: ‘व्हर्स्टापननं जागा देताना रसेलला धडक दिली: मान्य. टक्कर घडवण्याचं कलम: मान्य. चूक त्याची: मान्य. १० सेकंद आणि ३ पॉइंट्स: अमान्य, याहून जास्त हवे होते. परिणाम: पाचव्यावरून दहावा.’ आता समोरच्याला नक्की चौथ्या वाक्याशीच भांडावं लागेल.

एकाच ग्रुपमध्ये दोन संघांचे लोक असतील तर वाक्यं आधी लिहून मगच एकमेकांना दाखवा. कूलरच्या घरघरीत आरडाओरडा करून ठरवलेला निष्कर्ष सकाळी कुणालाच आठवत नाही.

सावजीची पैज लावली असेल तर हिशोब टीव्हीवरच्या पोडियमवर करू नका. कागदपत्रांच्या पानावर ‘तात्पुरता’ निकाल आधी येतो, ‘अंतिम’ तपासणीनंतर, कधी कित्येक तासांनी. ऑस्टिनची रेस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू होते, त्यामुळे तिचा अंतिम निकाल सोमवारी उठल्यावरच बघा. पुनर्विचाराच्या अर्जाला २०२४ पासून ९६ तासांची मुदत आहे, म्हणजे युरोपातल्या रविवारच्या रेससाठी आपल्या गुरुवारी रात्रीपर्यंत. त्याआधी पैसे दिले तर परत मागायची अट आधीच ठरवून ठेवा.